डेमो चालला, आता तो पाडून बघा

डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस (अनेक मशीनवर पसरलेला डेटाबेस) आणि इव्हेंट स्ट्रीमिंग (घडणाऱ्या घटनांचा सतत वाहता प्रवाह) शिकायला बसलेल्यांचा पहिला आठवडा कसा जातो ते मी बऱ्याचदा पाहिलंय. गिटहबवर शोधायचं, जास्त स्टार असलेले पाच-सहा रेपो क्लोन करायचे, डॉकर कम्पोजने (एका फाइलवरून अनेक प्रोग्राम एकत्र चालू करणारं साधन) सगळं वर आणायचं, ब्राउझरमध्ये हिरवे ठिपके दिसले की स्क्रीनशॉट काढायचा आणि पुढच्या रेपोकडे वळायचं. माझा मावसभाऊ कल्याणला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे मुलुंडला आला तेव्हा त्याचे असे सात डेमो चालवून झाले होते. मला म्हणाला, "ताई, सगळे चालले. पण यातला चांगला कुठला?" मी विचारलं, "एखादा नोड बंद करून बघितलास का?" तर म्हणे, "बंद कशाला करू? चालू करायलाच दोन दिवस गेले."

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी. तीन नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तीन मशीनचा गट, आपण उभा करतो तो एक नोड गेला तरी काम थांबू नये म्हणून. सगळं सुरळीत असताना तो साध्या पोस्टग्रेससारखाच दिसतो, उलट थोडा हळूच चालतो. त्यामुळे दोन डेमोंची तुलना करायची तर पाडल्यावर प्रत्येकाचं काय होतं हेच बघावं लागतं. बाकीच्या तपासण्याही सांगते, पण वेळ द्यायचा तो यालाच.

पहिली पायरी: एकच प्रश्न वहीत लिहा

"काफ्का शिकायचंय" हा प्रश्न नव्हे. (काफ्का म्हणजे घटनांचे संदेश साठवून पुढे पोचवणारी प्रणाली.) प्रश्न असा हवा: एका स्टेशनच्या घटना क्रमानेच वाचल्या जातात का? किंवा: डेटाबेसमधला बदल दुसऱ्या सर्व्हिसला न चुकता कसा कळवायचा? किंवा: तीनपैकी एक मशीन गेलं तर लिहिणं किती सेकंद थांबतं? प्रश्न ठरला की निम्मे रेपो आपोआप गळतात. पंधरा कंटेनरचा झगमगीत डेमो पहिल्या प्रश्नासाठी निरुपयोगी असतो, तिथे एका ब्रोकरचा, म्हणजे एकाच सर्व्हरचा, काफ्काही पुरतो.

दुसरी पायरी: परवाना आणि रॅम

हे दहा मिनिटांत उरका, पण वगळू नका. "ओपन सोर्स" हा शब्द सरसकट वापरला जातो. अपाचे काफ्का, डेबेझियम (डेटाबेसमधले बदल काफ्कात पोचवणारं साधन), टायडीबी आणि युगाबाइटडीबीचा मूळ डेटाबेस हे अपाचे २.० परवान्याखाली आहेत. कॉकरोचडीबीने २०१९ मध्ये तो परवाना सोडला आणि २०२४ मध्ये नियम आणखी बदलले. काफ्काच्या जागी वापरता येणाऱ्या रेडपांडाचा कोड सगळ्यांना वाचता येतो, पण त्याचा परवाना बिझनेस सोर्स प्रकारचा, म्हणजे वापरावर काही अटी घालणारा आहे. काफ्काच्या प्रवाहावर एसक्यूएल चालवणारा केएसक्यूएलडीबी कॉन्फ्लुएंट कंपनीच्या कम्युनिटी परवान्याखाली येतो. शिकायला यातलं काहीही चालेल. कॉलेजच्या प्रोजेक्टचा उद्या धंदा करायचा विचार असेल तर मात्र लायसन्सची फाइल आजच उघडून वाचा. आणखी एक गोष्ट: डेमोच्या रेपोचा परवाना आणि त्याने ओढून आणलेल्या डेटाबेसचा परवाना वेगवेगळे असू शकतात.

आता रॅम. विंडोजवर डॉकर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी सोय) वर चालतो आणि तो मुळात मशीनच्या निम्म्याच मेमरीवर हक्क सांगतो. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर डेमोच्या वाट्याला ४ जीबी. काफ्काचा एक ब्रोकर मूळ सेटिंगनुसार १ जीबीपर्यंत हीप (कामाची मेमरी) घेतो, म्हणजे तीन ब्रोकर आणि वर एखादा डॅशबोर्ड आला की गाडी अडलीच. कंटेनर आपोआप बंद पडत असेल आणि एक्झिट कोड १३७ दिसत असेल, तर आधी मेमरी संपली का ते बघा. माझ्या भावाने दोन दिवस यातच घालवले होते, कॉन्फिग फाइल उलटीसुलटी करत. लॅपटॉपमध्ये रॅमचा मोकळा स्लॉट असेल तर मुंबईत सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारणं कुठल्याही ट्युनिंगपेक्षा जास्त उपयोगी ठरतं. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर डेमो लहान निवडा, मोठा डेमो ताणून बसवायच्या भानगडीत पडू नका.

पोर्टची (प्रोग्रामला गाठायच्या क्रमांकाची) भांडणंही इथेच मिटवा. ८०८० वर अर्ध्या जगाचे डॅशबोर्ड येऊन बसतात, ३००० वर ग्राफाना असतो. नवीन मॅकवर ७००० हा पोर्ट एअरप्लेने धरलेला असतो आणि युगाबाइटडीबीच्या मास्टरचं पानही तिथेच उघडू पाहतं. मग "डेमो खराब आहे" असा शेरा पडतो, आणि दोष असतो पोर्टचा.

तिसरी पायरी: डेटाबेसचे डेमो शेजारी शेजारी ठेवा

सुरुवातीला मी तीनच सांगते.

कॉकरोचडीबीमध्ये डेमो नावाचीच कमांड आहे. ती दिली की मेमरीत तात्पुरता क्लस्टर उभा राहतो आणि मूव्हआर नावाच्या काल्पनिक वाहन-भाडे कंपनीचा डेटा आधीच भरलेला मिळतो. तीन नोड मागा, नऊ मागा, शेलमधूनच एखादा नोड बंद करा आणि परत चालू करा. इतक्या कमी कष्टात नोड पाडू देणारा दुसरा डेमो माझ्या पाहण्यात नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते सगळे नोड एकाच प्रोसेसमध्ये राहतात, आणि बाहेर पडलात की डेटा पुसला जातो. त्यामुळे डिस्कवर काय उरतं हे इथे शिकता येत नाही.

टायडीबीचं टायअप प्लेग्राउंड याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक घटक ही खरीखुरी वेगळी प्रोसेस असते, ऑपरेटिंग सिस्टिममधून जबरदस्तीने मारता येणारी. मात्र नुसती कमांड दिली तर डेटा साठवणारा टायकेव्ही एकच मिळतो. एकाच प्रतीच्या क्लस्टरवर नोड पाडण्याचा प्रयोग केला तर सगळंच बंद पडणार, आणि नवखा माणूस समजणार की डेटाबेसच कच्चा आहे. कमांड देतानाच तीन टायकेव्ही मागा. डेटा टिकवायचा असेल तर प्लेग्राउंडला टॅग द्या, नाहीतर बंद करताना तो साफ होतो.

युगाबाइटडीबी एका नोडवर पटकन उभा राहतो, पोस्टग्रेसच्या शेलची सवय असेल तर परकाही वाटत नाही. तीन नोड एकाच मशीनवर चालवायला मॅकवर जादा लूपबॅक पत्ते (मशीनने स्वतःलाच गाठायचे पत्ते) हाताने तयार करावे लागतात. एवढी पायरी चढायची तयारी असेल तर जरूर घ्या.

चौथी पायरी: मोजून पाडा

इथे घाई करू नका. एक संध्याकाळ राखून ठेवा.

एक छोटी स्क्रिप्ट लिहा, पायथनच्या पंधरा-वीस ओळींची. ती डेटाबेसमध्ये १, २, ३ असे आकडे एकेक करून घालते. प्रत्येक आकड्याला डेटाबेसकडून "झालं" असं उत्तर आलं तरच तो आकडा वेळेसकट एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायचा. ही फाइल डेटाबेसच्या बाहेर हवी. स्क्रिप्ट सुरू करा, आकडा पाचशेच्या पुढे गेला की एक नोड पाडा. मिनिटभराने नोड परत आणा, स्क्रिप्ट थांबवा, आणि फाइलमधले आकडे टेबलमधल्या आकड्यांशी ताडून बघा.

आम्ही मुलुंडच्या डायनिंग टेबलावर हेच केलं. भावाने टायकेव्हीची एक प्रोसेस मारली. सरसर वर जाणारा आकडा थबकला. तो दचकून म्हणाला, "ताई, मेला वाटतं." मी म्हटलं, "अरे, हात लावू नकोस, बघत राहा." काही सेकंद स्क्रीन तशीच. मग आकडा पुन्हा सुटला. मेलेल्या नोडकडे डेटाच्या ज्या तुकड्यांचं नेतृत्व होतं, त्यांच्यासाठी उरलेल्या दोन प्रतींनी मधल्या वेळात नवा नेता निवडला होता. असा नेता निवडणारा राफ्ट अल्गोरिदम त्याने पुस्तकातून पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण त्या थबकण्यातच निवडणूक होते, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने वहीत लिहिलं: "आकडा थांबला, परत चालू झाला, हरवलं काही नाही."

ताळा करताना दोन प्रकारचे फरक निघू शकतात आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. फाइलमध्ये आकडा आहे पण टेबलमध्ये नाही, याचा अर्थ डेटाबेसने "झालं" सांगून शब्द मोडला. हा गंभीर प्रकार. उलट, टेबलमध्ये आकडा आहे पण फाइलमध्ये नाही, हे होऊ शकतं आणि त्यात डेटाबेसची चूक नाही. लिहिणं पार पडलं, पण उत्तर परत येण्याआधी जोडणी तुटली. यूपीआयचे पैसे गेले की नाही हे कळत नाही तसली ही अवस्था. म्हणून आकड्यालाच प्रायमरी की करा. मग स्क्रिप्टने तोच आकडा पुन्हा पाठवला तरी दुबार नोंद होत नाही.

आता तीनपैकी दोन नोड पाडा. लिहिणं थांबलंच पाहिजे. बहुमत नसताना जो डेटाबेस खुशाल "झालं" म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. नवखे इथे निराश होतात, पण न लिहिणं हेच इथे बरोबर वागणं आहे.

पाचवी पायरी: काफ्काचा डेमो, एका ब्रोकरपासून तीनपर्यंत

काफ्का लिंक्डइनमध्ये जन्मला आणि २०११ मध्ये खुला झाला. जुने डेमो ओळखायची सोपी खूण म्हणजे झूकीपर, ब्रोकरांची व्यवस्था बघणारा वेगळा प्रोग्राम. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीतून झूकीपर पूर्ण काढून टाकला. त्यामुळे कम्पोजच्या फाइलमध्ये झूकीपरचा कंटेनर दिसला तर तो डेमो जुन्या काळातला आहे असं समजा. संकल्पना शिकायला तो चालेल, पण नव्याने उभारणी शिकायला नको. अपाचेची स्वतःची डॉकर इमेज ३.७ पासून मिळते आणि काफ्काच्या रेपोत एका नोडच्या व तीन नोडच्या कम्पोज फाइली तयार आहेत. आधी त्याच घ्या.

पहिला प्रयोग एकाच ब्रोकरवर, पण तीन पार्टिशनच्या टॉपिकवर करा. (टॉपिक म्हणजे एका विषयाच्या संदेशांची यादी, पार्टिशन म्हणजे तिचे भाग.) डेमोतले ग्राहक आणि ऑर्डरी बाजूला ठेवा आणि आपल्या ओळखीची माहिती घाला: दादर, कुर्ला, ठाणे अशी स्टेशनं ही की (संदेशासोबत जाणारी ओळखखूण), आणि "गाडी आली", "गाडी सुटली" हे संदेश. की दिली तर ठाण्याचे सगळे संदेश एकाच पार्टिशनमध्ये जातात आणि क्रमाने वाचले जातात. ठाणे आणि दादर यांच्यात कोण आधी, याची हमी मात्र नाही. आता की काढून टाका (स्टेशनचं नाव संदेशातच लिहा), एकाऐवजी तीन कन्झ्युमर, म्हणजे वाचणारे प्रोग्राम, लावा, थोडे जास्त संदेश पाठवा. कधीतरी ठाण्याची गाडी यायच्या आधीच सुटलेली दिसेल. क्रमाची हमी पार्टिशनपुरतीच असते, हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. एकदा डोळ्यांनी बघा.

दुसरा प्रयोग तीन ब्रोकरवर, आणि इथला खड्डा मला स्वतःला चांगलाच लागलाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी अंधेरीतल्या एका कंपनीत आम्ही डेमोवरून उचललेला तीन ब्रोकरचा क्लस्टर टेस्टिंगला लावला होता. एका रात्री एक ब्रोकर पडला आणि ऑर्डरींचा टॉपिक ठप्प झाला. तीन ब्रोकर असून असं कसं? टॉपिक कोणी हाताने बनवलाच नव्हता. पहिला संदेश आल्यावर तो आपोआप बनला, आणि आपोआप बनणाऱ्या टॉपिकला मूळ सेटिंगमध्ये प्रत एकच असते. ती एकमेव प्रत नेमकी त्या पडलेल्या ब्रोकरवर होती. पहाटे चारपर्यंत आम्ही नेटवर्कमध्ये दोष शोधत बसलो होतो.

म्हणून काफ्काचा डेमो हातात आला की सर्वात आधी टॉपिकची माहिती छापून बघा: प्रती किती आणि त्यातल्या अद्ययावत किती. रेप्लिकेशन फॅक्टर (एकूण प्रती) तीन, किमान अद्ययावत प्रती दोन, आणि प्रोड्युसरला (पाठवणाऱ्या प्रोग्रामला) सगळ्या अद्ययावत प्रतींची पोच हवी, अशी मांडणी करा. मग चौथ्या पायरीतली आकड्यांची स्क्रिप्ट इथेही चालवा. एक ब्रोकर पाडला तर काम चालू राहील, दोन पाडले तर लिहिणं थांबेल. डेटाबेससारखंच वागणं दिसतंय ना? दोन्हीकडे प्रती आणि पोच यांचाच हिशेब चाललेला असतो.

सहावी पायरी: दोघांना जोडणारा डेमो

डेटाबेस आणि स्ट्रीम एकत्र शिकायला मला डेबेझियमचं ट्युटोरियल सर्वात प्रामाणिक वाटतं. दिसायला साधं आहे, आलेख नाहीत, दुकान नाही. मायएसक्यूएलमध्ये इन्व्हेंटरी नावाचा छोटा डेटाबेस, त्यात चार ग्राहक. १००४ क्रमांकाच्या ग्राहकाचं पहिलं नाव "ॲन" वरून "ॲन मेरी" करायचं, एवढंच. दुसऱ्या टर्मिनलमध्ये लगेच काफ्काचा संदेश पडतो. त्यात "बिफोर"खाली जुनी ओळ, "आफ्टर"खाली नवी ओळ, आणि बदलाचा प्रकार म्हणून "यू" हे एक अक्षर. ॲप्लिकेशनने काफ्काला काहीच सांगितलेलं नसतं. डेबेझियमने मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचलेला असतो.

हे का मोलाचं ते सांगते. नवखे बहुतेक वेळा कोडमध्ये दोन ओळी लिहितात: आधी डेटाबेसमध्ये लिही, मग काफ्कात पाठव. या दोन ओळींच्या मधोमध प्रोसेस मेली तर डेटाबेसमध्ये ऑर्डर आहे आणि बाकीच्या सर्व्हिसना तिचा पत्ताच नाही. बरेच आकर्षक डेमो आजही असंच लिहिलेले आहेत. डेमोंची तुलना करताना हा कोड मुद्दाम शोधा. दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं दिसलं तर वहीत तशी खूण करा.

ट्युटोरियलच्या शेवटाकडे काफ्का कनेक्ट (डेबेझियम ज्यात चालतो ती सेवा) बंद करून डेटाबेसमध्ये नवे ग्राहक घालायला सांगितलंय. मग कनेक्ट परत चालू केला की मधल्या काळातले बदल येऊन पोचतात, कारण बिनलॉगमध्ये कुठपर्यंत वाचलं होतं ते त्याने नोंदवून ठेवलेलं असतं. पाडून बघायचं शिकवणारी ट्युटोरियलं फार थोडी, त्यातलं हे एक. तुम्ही एक पाऊल पुढे जा: कनेक्ट सावकाश बंद न करता जबरदस्तीने मारा. काही संदेश दुसऱ्यांदा येऊ शकतात. घेणाऱ्या सर्व्हिसने तेच काम दोनदा केलं तर चालेल का, हा विचार तिथूनच सुरू होतो.

मोठे डेमो कधी घ्यायचे

हे सगळं झाल्यावरच. ओपनटेलिमेट्रीचा ॲस्ट्रॉनॉमी शॉप हा दुर्बिणी विकणाऱ्या दुकानाचा डेमो आहे. ऑर्डर झाली की ती काफ्कात जाते आणि हिशेब व फसवणूक तपासणी अशा दोन सर्व्हिस ती वाचतात. त्याला ६ जीबी रॅम द्यावी लागते. मला तो आवडतो तो एका बटणासाठी: काफ्काची रांग मुद्दाम तुंबवणारा फ्लॅग त्यात दिलेला आहे. तो चालू करा आणि कन्झ्युमर मागे पडत जातो तेव्हा आलेख कसा चढतो ते बघा. कॉन्फ्लुएंटचा सीपी डेमो विकिपीडियावर त्या क्षणी होणारी संपादनं ओढून आणतो. तो जड आहे, पण डेटा जिवंत आहे. विकिमीडियाचा हा प्रवाह सगळ्यांना खुला आहे. त्यातून फक्त "एमआरविकी" गाळून घेतलंत तर मराठी विकिपीडियावरचे बदल तुमच्या टॉपिकमध्ये उतरतील. शांतपणे, अधूनमधून येतात, त्यामुळे एकेक संदेश वाचून समजून घ्यायला वेळ मिळतो.

लॅपटॉपवर न दिसणारी गोष्ट

अंतर. तिन्ही नोड एकाच टेबलावर असले की बहुमत मिळवायला वेळ लागतच नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत ६२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर, किमान ३९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तारा वळसे घेऊन जातात, त्यामुळे वेळ जास्तच. कॉकरोचडीबीच्या डेमोला ग्लोबल असा पर्याय दिला तर तो असा विलंब मुद्दाम घालतो. लिनक्सवर नेटवर्कला हाताने विलंब लावता येतो. हा प्रयोग मुंबईत काम करणाऱ्यांनी तरी टाळू नये. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, त्यामुळे प्रती कुठल्या शहरात ठेवायच्या हा प्रश्न इथल्या टीमसमोर खरोखर येतो.

आणि तो आला की एक हिशेब बोटांवर करा. तीन प्रतींपैकी दोन मुंबईत आणि एक हैदराबादला ठेवली, तर २६ जुलै २००५ सारख्या दिवशी मुंबईतलं डेटा सेंटर गेल्यावर हैदराबादची प्रत एकटी उरते. बहुमत गेलं, लिहिणं थांबलं. एक शहर पूर्ण गेलं तरी चालू राहायचं असेल तर तीन प्रतींना तीन ठिकाणं लागतात.

वही आणि आवराआवर

प्रत्येक डेमोसाठी एकच पान ठेवा. तारीख, आवृत्ती, प्रती किती, काय पाडलं, किती सेकंद थांबलं, "झालं" म्हणून हरवलेले आकडे किती, दुबार आलेले किती. प्रत्येक प्रयोग निदान तीनदा करा, कारण पाडलेल्या नोडकडे नेतृत्व होतं की नव्हतं यावर थांबण्याचा वेळ बदलतो. दोन डेमोंचा वेग शेजारी लिहून कोण जलद ते मात्र ठरवू नका. एकाच लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर तिन्ही नोड भांडत असतात, तिथला वेग काही सांगत नाही.

दुसरा डेमो सुरू करण्याआधी पहिल्याचे कंटेनर काढाच, सोबत व्हॉल्यूमही (डॉकरने डेटा ठेवलेली जागा) काढा. नुसता कम्पोज खाली आणला तर नाव दिलेले व्हॉल्यूम मागे राहतात. मग पुढच्या वेळी जुने आकडे टेबलमध्ये आधीच बसलेले असतात आणि ताळा चुकतो. भावाचा रविवारचा ताळा असाच १,२०० ने जास्त आला होता. व्हॉल्यूम पुसून पुन्हा चालवला तेव्हा जुळला.